‘लॉस’ कशाचा म्हणायलेत? : इंग्रजीतले दुःखाचे शब्द, आपल्या ओसरीवर बसून

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचे आबा गेले. तिसऱ्या दिवशी सावडून माणसं परतली होती. भावकीतल्या कुणीतरी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती आणि आजी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आबांचा थोरला पुण्याला कंपनीत आहे. त्याचा फोन सारखा वाजत होता. शेवटी त्यानं तो माझ्याच हातात दिला. "सर, तुमीच बगा जरा, काय काय आलंय." मी उदगीरला इंग्रजी शिकवतो, त्यामुळं गावात इंग्रजी कागद आला की तो आधी माझ्याकडं येतो. वरचाच मेसेज लंडनच्या साहेबांचा होता. मी मोठ्यानं वाचला, "आय ॲम सो सॉरी फॉर युवर लॉस."

आजींनी मान वर केली. "लॉस? लॉस कशाचा म्हणायलेत रे? आपलं तर दुकानबी नाही."

लॉस हा शब्द आजींना चांगला ठाऊक आहे. सोयाबीनचा भाव पडला की लॉस, बोअर कोरडं निघालं की लॉस. त्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं आणि परदेशातला एक भला माणूस तोट्याची भाषा बोलत होता. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते मनात राहिलं.

त्या दिवसापासून मी लक्ष देऊन ऐकतोय. गावातल्या ग्रुपवर मरणाची बातमी आली की खाली ‘आरआयपी’ची रांग लागते. पेपरात ‘डिप्रेशनमधून टोकाचं पाऊल’ असं छापून येतं. दवाखान्यात ‘ग्रीफ काउन्सेलिंग’ करून घ्या म्हणतात, मुलांच्या तोंडी ‘ट्रॉमा’ आणि ‘क्लोजर’ असतं. हे शब्द आता आपल्या घरात शिरले आहेत, तेही घरात रडारड चालू असताना, जेव्हा अर्थ विचारायची कुणाची मनःस्थिती नसते. म्हणून ते जरा शांतपणे पाहू.

## सॉरी, पण माफी कशाची?

मराठीत आपण सॉरी हा शब्द फक्त माफीसाठी घेतला. पाय लागला, सॉरी. उशीर झाला, सॉरी. त्यामुळं बाप गेलेल्या मुलाला कुणी सॉरी म्हटलं की कानाला खटकतं. याचा काय गुन्हा?

मुळात त्या शब्दात माफी नव्हतीच. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे दुखरी जागा, ठणकणारी जखम. आजच्या इंग्रजीत घसा दुखतो तेव्हा ‘सोअर थ्रोट’ म्हणतात, त्यातला सोअर तोच. सॉरी म्हणजे ‘जिला ठणका लागला आहे अशी व्यक्ती’. माझ्या हातून तुझं वाईट झालं आणि मला ठणका लागला, ही माफी झाली. तुझ्यावर दुःख कोसळलं आणि मला ठणका लागला, हे सांत्वन झालं. शब्द एकच, वापर दोन. आपण त्यातला एकच उचलला.

लॉसचंही तसंच. त्याच्या मुळाशी ‘हरवणं’ आहे, तोटा नंतर आला. आपणही शोकसंदेशात ‘छत्र हरपलं’ म्हणतोच की. साहेबांनी लिहिलेलं वाक्य मराठी मनाला समजेल असं सांगायचं तर, ‘तुमचं माणूस हरपलं, माझ्याही जिवाला ठणका लागला.’ यात हिशेब कुठंच नाही.

## एका दुःखाला इतके शब्द कशाला?

बिरीव्हमेंट, ग्रीफ, मोर्निंग, कंडोलन्स. शब्दकोशात चारहींच्या पुढं ‘शोक’, ‘दुःख’ असलंच काहीतरी सापडतं आणि विद्यार्थी गोंधळतो. खरं तर हे चार शब्द एकाच घराच्या चार खोल्यांसारखे आहेत.

घरातलं माणूस जाणं, ही जी स्थिती ओढवते ती बिरीव्हमेंट. त्यानं आत जे होतं ते ग्रीफ. ते बाहेर ज्या रीतीनं पाळलं जातं ते मोर्निंग. आणि बाहेरचा माणूस येऊन जे बोलतो ते कंडोलन्स. आजींवर ओढवली ती बिरीव्हमेंट. रात्री दोनला उठून त्या आबांच्या खाटेकडं बघतात ते ग्रीफ. दहा दिवसांचं सुतक, दहावा, तेरावा, वर्षभर सण न करणं हे मोर्निंग. मी ओसरीवर जाऊन बसलो ते कंडोलन्स. पुण्याच्या कंपनीनं थोरल्याला दिलेली ‘बिरीव्हमेंट लीव्ह’ ही पहिल्या शब्दाची रजा आहे. ती संपली म्हणून दुसरा शब्द संपत नाही, हे कंपन्यांनीही लक्षात ठेवायला हवं.

या शब्दांची मुळं उकरली की मला स्वतःला फार हलायला होतं. बिरीव्हमधला ‘रीव्ह’ म्हणजे लुटणं, हिसकावून नेणं. बिरीव्ह्ड माणूस म्हणजे ज्याच्यावर दरोडा पडला तो. सभ्य, कडक इस्त्रीच्या वाटणाऱ्या या सरकारी शब्दाच्या पोटात ‘लुटलं गं मला’ हा टाहो आहे.

ग्रीफ आला लॅटिनमधल्या ‘ग्राव्हिस’वरून, म्हणजे जड. ग्रॅव्हिटी त्याच मुळाची. संस्कृतातला ‘गुरु’ हा जड या अर्थाचा शब्दही त्याच जुन्या कुळातला आहे. म्हणून ग्रॅव्हिटी आणि गुरुत्व हे चुलतभाऊ आहेत आणि ग्रीफ त्यांच्याच भावकीतला. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं म्हणणारी आपली बाई आणि ग्रीफ म्हणणारी इंग्रज बाई एकच वजन सांगत असतात. आपल्या ‘शोक’ शब्दाची वाट मात्र वेगळी. त्याच्या मुळाशी ‘शुच्’ हा धातू आहे आणि त्याचा अर्थ जळणं, तळपणं. इंग्रजीत दुःख दाबतं, आपल्याकडं ते भाजतं. काळीज करपलं, जीव जळतो, हे आपण उगाच म्हणत नाही.

‘सॅड’ हा आज अगदी किरकोळ झालेला शब्द. मॅच हरली तरी सॅड. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता तृप्त, पोट भरलेला. भरलेला म्हणून जड, जड म्हणून गंभीर, गंभीर म्हणून दुःखी, असा तो सरकत गेला. आपलाही ऊर भरूनच येतो. ‘सॉरो’ हा सॉरीचा सख्खा भाऊ वाटतो, पण नाही. त्याचं मूळ वेगळं, आणि त्याचा जर्मन नातलग ‘सोर्ग’ आजही काळजी या अर्थानं वापरला जातो. आणि ‘विडो’? ती तर आपली विधवाच आहे, मूळ एक. हजारो वर्षांच्या वाटा वेगळ्या झाल्या, तरी नवरा गेलेल्या बाईला दोन्हीकडं जवळजवळ एकाच नावानं हाक मारली गेली. मूल गेलेल्या आईबापाला मात्र ना इंग्रजीत नाव आहे, ना मराठीत.

मोर्निंगबद्दल एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगतो. सकाळचा मॉर्निंग आणि हा मोर्निंग कानाला जवळपास सारखेच लागतात. स्पेलिंगमध्ये एका ‘यू’चा फरक आहे. शोकसंदेश लिहिताना तेवढं एक अक्षर तपासून घ्या. मोर्निंग म्हणजे पाळण्याची रीत. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया 1861 साली नवरा गेल्यावर 1901 मध्ये स्वतः जाईपर्यंत काळे कपडेच घालत राहिली. आपल्याकडचा सरकारी दुखवटा म्हणजे नॅशनल मोर्निंग. लता मंगेशकर गेल्या तेव्हा, फेब्रुवारी 2022 मध्ये, देशभर 2 दिवस झेंडा अर्ध्यावर होता. दुखवटा हा आपला शब्द किती कामाचा आहे बघा. सरकार पाळतं तो दुखवटा, भेटायला जातो तोही दुखवटा आणि पाहुणे आणतात त्या टोपी-टॉवेल-लुगड्याच्या आहेरालाही दुखवटाच म्हणतात.

## हेल काढून रडणं हे नाटक असतं का?

शहरात वाढलेली मुलं हे विचारतात, कधी दबक्या आवाजात, कधी सरळ. माहेरची बाई गावात शिरते, घराचा उंबरा दिसला की टाहो फोडते, गळ्यात पडून नात्याची नावं घेत, गेलेल्या माणसाचे गुण सांगत लयीत रडते. दहा मिनिटांनी डोळे पुसून चहा पिते. मग मुलांना वाटतं, हे खरं होतं का?

इंग्रजीत याला शब्द आहे, ‘कीनिंग’. तो आयर्लंडच्या भाषेतून आला. तिथंही बायका प्रेताजवळ बसून सुरात, शब्द जुळवत शोक करायच्या. म्हणजे ही फक्त आपल्या खेड्यातली गोष्ट नव्हे. आत जे ग्रीफ साठलेलं असतं त्याला बाहेर यायला वाट लागते, आणि हेल ही ती वाट आहे. पाट काढलेला असला की पाणी त्यातून वाहतं. पाट माणसानं काढला म्हणून पाणी खोटं ठरत नाही. मी कित्येकदा पाहिलंय की ज्या सुनेला सासरी कधी रडायची मुभा नव्हती, ती दुसऱ्याच्या मयतीत आपल्या आईसाठी रडून घेते.

## आरआयपी लिहावं की लिहू नये?

या प्रश्नावर ग्रुपवर भांडणं होतात. आधी अर्थ बघू. ‘रेक्विएस्कात इन पाके’ ही लॅटिन प्रार्थना, तिचा अर्थ ‘तो किंवा ती शांततेत विसावो’. इंग्रजीत रेस्ट इन पीस. योगायोगानं दोन्ही भाषांत आद्याक्षरं तीच आली. ख्रिस्ती श्रद्धेत मृत माणूस पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत विसावा घेतो, म्हणून कबरीच्या दगडावर ही अक्षरं कोरतात.

यावर आक्षेप असा की आपण दहन करतो, आपल्याकडं आत्मा पुढं जातो, मग इथं विसावा कसला? आक्षेप चुकीचा नाही. पण ‘मृतात्म्यास शांती लाभो’ असं आपणही लिहितोच, आणि तीही विसाव्याचीच इच्छा आहे. लिहिणाऱ्याच्या धर्मावर त्यामुळं काही संकट येत नाही. माझी अडचण वेगळी आहे. ज्याची आई गेली त्याला आपण तीन अक्षरं पाठवतो, आणि ती तीन अक्षरं आईला उद्देशून आहेत. मुलाशी आपण बोललोच नाही. आरआयपी हा गेलेल्यासाठीचा शब्द आहे, मागं राहिलेल्यासाठीचा कंडोलन्स. दुसरा लिहायचा राहून जातो.

आणि आपल्याकडं या जागी काय कमी आहे? मराठवाड्यातल्या एकाच गावात वारकऱ्याच्या नावामागं ‘वैकुंठवासी’ लागतं, दुसऱ्या घरी ‘कैलासवासी’, लिंगायत घरी ‘लिंगैक्य झाले’ म्हणतात, बौद्ध वस्तीत ‘कालकथित’ लिहितात आणि श्रद्धांजलीऐवजी आदरांजली वाहतात. मुसलमान शेजाऱ्याकडं ‘इंतकाल’ होतो, माणूस ‘मरहूम’ होतो आणि आपण ‘पुरसा’ द्यायला जातो. निजामी राजवट गेली तरी ‘मयत’ हा अरबी शब्द साऱ्या जातींच्या तोंडी राहिला. शेजाऱ्याला त्याच्या घरच्या शब्दात भेटता येतं, ही आपल्या भागाची कमाई आहे. तिथं सगळ्यांना एकच आरआयपी चिकटवलं की ती कमाई वाया जाते असं मला मनापासून वाटतं.

जाता जाता दोन शब्द. ‘एक्स्पायर झाले’ हे आपण आदरानं म्हणतो. मूळ अर्थही सुंदर आहे, शेवटचा श्वास बाहेर सोडला. पण परदेशात आज तो शब्द औषधाच्या आणि दुधाच्या तारखेला वापरतात, तिकडच्या माणसाला लिहिताना ‘पास्ड अवे’ बरं. आणि नावाआधीचं ‘लेट’ म्हणजे उशिरा आलेला नव्हे, दिवंगत.

## दुःख आणि डिप्रेशन एकच का?

इथं थांबून नीट बोलायला हवं, कारण इथं चुकलं तर जिवावर बेततं.

डिप्रेशन हा शब्द आपल्याला रेडिओवरून आधी कळला. बंगालच्या उपसागरात डिप्रेशन तयार झालं की आपल्याकडं ढग येतात. मूळ अर्थ दाबून खाली गेलेलं. दाब कमी झालेली हवा, खोलगट जमीन, 1929 नंतरची जगभरची मंदी, या सगळ्यांना इंग्रजीत डिप्रेशनच म्हणतात. मनाच्या आजाराला ते नाव नंतर मिळालं. त्याआधी ‘मेलँकली’ म्हणत. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ काळं पित्त, कारण शरीरात काळं पित्त वाढलं की माणूस उदास होतो अशी समजूत होती.

फरक समजायला आपल्या काळ्या रानाकडं चला. मोठा पाऊस झाला की रानात पाय ठेवता येत नाही. चिखल चिकटतो, औत चालत नाही. शेतकरी बांधावर उभा राहून वाट बघतो. चार-सहा दिवसांत पाणी मुरतं, वरचा ओलावा उडतो, माती हातात मोकळी होते. वाफसा येतो. वाफसा यायच्या आधी औत घातलं तर ढेकळं होतात आणि रान बिघडतं. दुःख हे असं असतं. ते पडलेलं असताना ‘आता कामाला लाग’, ‘विसर आता’ म्हणणं म्हणजे वाफशाआधी औत घालणं.

पण कधीकधी पाणी हटतच नाही. पंधरा दिवस, महिना साचून राहतं. सोयाबीन पिवळं पडतं, मुळं सडायला लागतात. तेव्हा बांधावर उभं राहून वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला शहाणा म्हणत नाहीत. तिथं चर काढून पाणी बाहेर काढावं लागतं. डिप्रेशन हे ते साचलेलं पाणी.

ओळखायचं कसं? दुःख लाटेनं येतं. आबांची काठी दिसली की आजी रडतात, नातू मांडीवर आला की थोडं हसतात, पुन्हा सांजेला भरून येतं. डिप्रेशनमध्ये लाटा नसतात, सगळं एकसारखं सपाट आणि राखाडी होतं. दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, निदान 2 आठवडे उदासी असते किंवा कशातच रस वाटत नाही, आणि सोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांचं तंत्र बिघडतं. दुसरी खूण जास्त मोलाची आहे. मनाचे डॉक्टर फ्रॉइड यांनी 1917 सालीच ती नोंदवली होती : शोकात माणसाला जग रिकामं वाटतं, त्या आजारात तो स्वतःच रिकामा होतो. ‘ते नाहीत, घर खायला उठतं’ हे दुःख बोलतंय. ‘मीच नालायक, मी जगून कुणाचं भलं होणार’ हे ऐकू आलं तर ते आजाराचं बोलणं समजा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

‘घरात मयत झाली म्हटल्यावर उदास राहणारच, डॉक्टर कशाला?’ हे वाक्य मी आठवड्याला ऐकतो. डॉक्टरांच्या जगातही असा विचार होता. अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियमपुस्तकात जवळचं माणूस गेल्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांत डिप्रेशनचं निदान शक्यतो करू नये अशी सवलत होती. 2013 साली ती काढून टाकली, कारण दुःख आणि आजार एकाच वेळी एकाच माणसात असू शकतात. पाऊस पडलाय म्हणून चर काढायचा नाही, असं शेतात कुणी करत नाही.

## मग आता शोकालाही आजार ठरवणार का?

हा उलट बाजूचा आक्षेप, आणि तोही रास्त आहे. ‘प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर’, म्हणजे लांबलेल्या शोकाचा विकार, असं नवं निदान आलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ते आहे. तिथं निदान 6 महिन्यांची अट आहे, अमेरिकन पुस्तकात मोठ्या माणसांसाठी 1 वर्षाची. नुसते महिने भरले म्हणून कुणी आजारी ठरत नाही. गेलेल्या माणसाची ओढ तितकीच तीव्र, जवळजवळ रोज, आणि त्यापायी खाणं-पिणं, काम, नाती सगळं अडकून पडलेलं, असं असावं लागतं. शिवाय त्या माणसाच्या समाजाची रीत काय, हे बघूनच ठरवायचं असतं. आपल्याकडं वर्षश्राद्ध होईपर्यंत घर दुखवट्यात असतं. त्या काळात आजी सणाला पुरण घालत नाहीत, हा आजार नव्हे.

यातच ‘पाच पायऱ्या’ही येतात. नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात आणि माणसं घाबरतात, ‘मला राग आलाच नाही, माझं काही चुकतंय का?’ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी 1969 मध्ये हे मांडलं, तेही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांसाठी ते नंतर ओढून घेतलं गेलं. दुःख जिन्यासारखं चढत नाही. तुम्हाला राग आला नसेल तर काही बिघडलेलं नाही.

## ज्या दुःखाला कुणी भेटायला येत नाही

केनेथ डोका या अभ्यासकानं 1989 मध्ये एका प्रकारच्या शोकाला नाव दिलं, ‘डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ’. शब्द जिभेला जड आहे, अर्थ साधा : हक्क नाकारलेलं दुःख. जगानं ज्याला दुःख मानलंच नाही, ज्याला सुतक नाही, पिठलं-भाकरी नाही.

आपल्याकडं ते पावलोपावली आहे. पंधरा वर्षं जोडीनं राबलेला बैल विजेच्या तारेला चिकटून मेला, पंचनामा झाला, रक्कम ठरली. त्याच्या दावणीजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला भेटायला कोण जातं? ऊसतोडीच्या फडावर गर्भ गेला आणि चार दिवसांत पुन्हा कोयता धरावा लागलेली बाई. आईबापासारखा जीव लावणारा मित्र गेला, पण नात्यात नाही म्हणून मागं उभा राहिलेला माणूस. यांना इंग्रजीनं एक नाव दिलं. मला या नावाचं मोल वाटतं, कारण नाव असलं की निदान विचारता येतं.

त्याच्या शेजारचं दुसरं नाव ‘ॲम्बिग्युअस लॉस’. पॉलिन बॉस या बाईंनी दिलेलं. माणूस गेलं की आहे हेच धड कळत नाही असं दुःख. घरातून निघून गेलेला मुलगा. किंवा म्हातारपणी सगळं विसरून बायकोलाच ‘तू कोण’ विचारणारा नवरा. ‘क्लोजर’ म्हणजे शेवटाची गाठ बसणं, ती इथं बसतच नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारे 10 हजार माणसं गेली. प्रेतं इतकी की सामुदायिक चिता पेटवाव्या लागल्या. ज्यांना आपल्या माणसाचं तोंड पाहता आलं नाही त्यांना क्लोजर म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. त्या पट्ट्यातली जुनी माणसं ‘धसका घेतला’ म्हणतात. ग्रीक भाषेत ट्रॉमा म्हणजे जखम. आपला धसका त्याच्या तोडीस तोड आहे आणि किरकोळ गोष्टींना लावून आपण तो अजून झिजवलेला नाही. ट्रॉमाही झिजवू नये.

## ‘कमिट’ हा शब्द का नको?

हे आपल्या जिल्ह्यांत बोललंच पाहिजे. इंग्रजी बातमीत शेतकऱ्यानं ‘कमिटेड सुसाइड’ असं लिहीत आलेत. कमिट हे क्रियापद गुन्ह्याला लागतं. चोरी कमिट, खून कमिट. इंग्लंडमध्ये 1961 पर्यंत आत्महत्या हा गुन्हाच होता, त्या काळाचा हा शब्द. आता बरेच पत्रकार आणि डॉक्टर ‘डाइड बाय सुसाइड’ लिहा म्हणतात. आपल्याकडं 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता आणि त्याला उपचार द्यायचे आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम जसंच्या तसं राहिलेलं नाही.

एका शब्दानं काय होतं, असं वाटेल. मागं राहिलेल्या बाईला विचारा. नवरा गेल्याचं दुःख, कर्ज, आणि वर ‘त्यानं केलं’ ही गुन्ह्याची सावली. लोक भेटायला येतात ते चौकशीसारखं बोलतात. तिला भेटताना कारण विचारू नका. आणि कुणाच्याही बोलण्यात ‘मी नसलेलाच बरा’ असं आलं, तर टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर त्याच्या समोर बसून लावून द्या. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

## आपले शब्द असताना हे शिकायचं कशाला?

कारण आपली मुलं पुण्यात, बंगळुरात, लंडनात आहेत आणि त्यांची दुःखं दोन भाषांत येणार आहेत. कारण दवाखान्याच्या कागदावर ग्रीफ आणि डिप्रेशन वेगवेगळं लिहिलेलं असतं आणि औषध कशाचं हे आपल्याला कळायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे की शब्द घ्या तो पूर्ण घ्या, त्याचं काम समजून घ्या, आणि जिथं आपला शब्द जास्त जवळ जातो तिथं आपलाच बोला.

इंग्रजीत सांत्वन लिहायचं तर माझा विद्यार्थ्यांना सांगायचा मार्ग सरळ आहे. गेलेल्या माणसाचं नाव लिहा. त्याची एक तुम्ही पाहिलेली गोष्ट लिहा. ‘काही लागलं तर सांग’ असं लिहू नका, कारण दुःखातला माणूस काही सांगत नाही. ‘शनिवारी मी डबा घेऊन येतोय’ असं लिहा. कंडोलन्समधल्या ‘कॉन’चा अर्थ सोबत, ‘डोलेरे’ म्हणजे दुखणं. सोबत दुखणं एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि आपल्याकडं माणसं मातीला येतात, ओसरीवर बसतात, काही न बोलता तंबाखू मळतात, तेव्हा तेच करत असतात.

तेराव्याला मी पुन्हा आजींकडं गेलो. त्या दिवशीचं उत्तर राहिलं होतं. म्हटलं, "आजी, त्या साहेबांनी लिवलंय, तुमचं माणूस हरपलं, आमच्या जिवालाबी ठणका लागलाय."

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, "कुठल्या गावचे म्हणलास?"

"लंडनचे. लांब आहे."

"लांबून लिवलं बघ," आजी म्हणाल्या. "आले कधी इकडं, तर जेवून जावा म्हणावं."